व्हिसा नको, तरी विमान चुकलं : फिलिपिनो पासपोर्टवर कुठं आणि कसं जाता येतं

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. मनिलाच्या विमानतळावरून एक तरुणी इस्रायलला निघाली होती. फिलिपीन्सच्या नागरिकाला इस्रायल फिरायला व्हिसा लागत नाही. तिच्याकडे पासपोर्ट होता, तिकीट होतं. पण इमिग्रेशनच्या खिडकीत प्रश्न सुरू झाले ते संपेचनात, आणि एका टप्प्यावर अधिकाऱ्यानं तिच्याकडे शिक्षण झाल्याचा पुरावा म्हणून चक्क कॉलेजचं इयरबुक, म्हणजे वर्गातल्या मुलांच्या फोटोंचं आठवणींचं पुस्तक, मागितलं. प्रवासाला निघताना ते कोण बरोबर घेतं? विमान निघून गेलं. मार्च २०२३ मध्ये तिनं ही हकिगत व्हिडिओतून सांगितली, देशभर संताप झाला आणि इमिग्रेशन खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

फिलिपिनो पासपोर्टवर व्हिसाशिवाय कुठं जाता येतं, हा प्रश्न विचारला की उत्तरादाखल देशांची यादी मिळते. यादी खरी असते, पण अर्धीच. व्हिसा ही ज्या गावाला जायचं त्या गावच्या वेशीवरची परवानगी. आपल्या गावची वेस ओलांडायची परवानगी वेगळी. जगातल्या बहुतेकांना ही दुसरी वेस जाणवतसुद्धा नाही. फिलिपिनो माणसाला ती जाणवते, आणि कधीकधी तीच जास्त उंच असते. पण आधी यादीकडे जाऊ.

चार शब्द, चार अर्थ

‘व्हिसा-फ्री’ या एका नावाखाली लोक चार निरनिराळ्या गोष्टी खपवतात. पहिली म्हणजे खरी सूट: पासपोर्ट दाखवा, शिक्का घ्या, आत जा. दुसरी ‘व्हिसा ऑन अरायव्हल’: व्हिसा लागतोच, फक्त तो तिथं उतरल्यावर मिळतो, बहुधा पैसे भरून. नेपाळमध्ये हे चालतं, मालदीवमध्येही चालतं आणि तिथं तर फुकट. तिसरी ‘ई-व्हिसा’: घरी बसून अर्ज, पण तो नाकारला जाऊ शकतो, म्हणजे हा सरळसरळ व्हिसाच, फक्त वकिलातीची पायरी वाचली. चौथी गोष्ट अलीकडे वाढत चालली आहे, ती म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, जिला सगळे ‘ईटीए’ म्हणतात. नावाला व्हिसा नाही, पण ती घेतल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. इस्रायलचंच घ्या: १ जानेवारी २०२५ पासून व्हिसामाफी असलेल्या पाहुण्यांनाही ही परवानगी आधी काढावी लागते.

पासपोर्टांची ‘ताकद’ मोजणारे जे निर्देशांक दरवर्षी बातम्यांत येतात, त्यातला हेन्ली निर्देशांक २२७ ठिकाणं धरतो. त्यात २०२५ साली फिलिपीन्सचा आकडा ६५ च्या आसपास होता, भारताचा ६० च्या आतबाहेर, सिंगापूरचा १९० च्या वर. मात्र या आकड्यात खरी सूट, उतरल्यावरचा व्हिसा आणि ईटीए हे सगळं एकाच मापानं मोजलेलं असतं. सिंगापूरला नुसतं उतरणं आणि एखाद्या बेटावर रांगेत उभं राहून डॉलर मोजणं, दोन्हीला एकेक गुण. त्यामुळे क्रमांक चार घरं वर गेला की खाली, याला माझ्या मते फारसा अर्थ नाही. परवडेल अशा अंतरावर काय आहे, ते बघावं.

शेजारघर: आसियान

फिलिपिनो प्रवाशाची खरी चैन शेजारी आहे. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये पाच देशांनी आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना उभी केली, त्यातला एक फिलिपीन्स. या देशांनी २००६ साली क्वालालंपूरमध्ये आपापसात व्हिसामाफीचा करार केला, त्यात किमान १४ दिवस धरले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक देश आपसातल्या वेगळ्या करारांनुसार जास्त देतात. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, लाओस इथं साधारण ३० दिवस, व्हिएतनाममध्ये २१, म्यानमारमध्ये १४. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये ९३ देश-प्रदेशांना ६० दिवसांची सूट दिली, त्यात फिलिपीन्स आहे (आणि भारतही). ती पुन्हा कमी करण्याची चर्चा २०२५ पासून सुरू आहे, म्हणून तिकीट काढताना ताजा आकडा पाहणं बरं.

या दिवसांच्या हिशेबात माणसं गोत्यात येतात. ३० दिवस म्हणजे एक महिना नव्हे. ज्या दिवशी शिक्का पडला तो दिवसही सहसा मोजतात. ३१ दिवसांच्या महिन्यात ‘आलो त्याच तारखेला परत’ असा हिशेब केला, तर विमानतळावर दंड भरून निघावं लागतं. व्हिएतनामचे २१ दिवस म्हणजे नीट तीन आठवडे, एक दिवसही वर नाही.

आणि व्हिसा नाही म्हणजे फॉर्म नाही असंही नाही. मलेशियानं जानेवारी २०२४ पासून आणि थायलंडनं १ मे २०२५ पासून आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायला लावलं आहे, सिंगापूरचं तर आधीपासूनच आहे. तिन्ही फुकट. पण शोधायला गेलं की सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी पानं वर येतात आणि फुकटच्या फॉर्मचे पैसे उकळतात. बालीत उतरलात तर दीड लाख रुपयांचा पर्यटक कर आहे. दचकू नका, ते इंडोनेशियन रुपये.

आसियानबाहेरचे शेजारी: हाँगकाँग १४ दिवस, मकाऊ ३० दिवस. हाँगकाँगमध्ये घरकामाला असलेल्या फिलिपिनो स्त्रिया दोन लाखांच्या आसपास आहेत. रविवारी त्या सेंट्रल भागातल्या पुलांवर, चौकांत पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, गावाकडे पाठवायची खोकी भरतात. त्यांना भेटायला आलेली बहीण किंवा लेक व्हिसाशिवाय येऊ शकते, पण १४ दिवसांपुरती. या व्हिसामाफीत काम शोधायची मुभा नसते. चीनच्या मुख्य भूमीला मात्र व्हिसा लागतो, हे हाँगकाँगहून पलीकडे शेनझेनला जाऊ म्हणणाऱ्यांना उशिरा कळतं.

तैवान: नातं नाही, पण वाटी रिकामी नाही

तैवानचं प्रकरण मला या सगळ्या यादीत सर्वांत बोलकं वाटतं. फिलिपीन्सनं १९७५ साली बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले आणि तैपेशी, म्हणजे तैवानशी, तोडले. आजही तिथं वकिलात नाही, एक आर्थिक-सांस्कृतिक कचेरी वकिलातीचं काम पाहते. मे २०१३ मध्ये फिलिपीन्सच्या तटरक्षकांच्या गोळीबारात एक तैवानी मच्छीमार मारला गेला, तेव्हा तैवाननं फिलिपिनो कामगारांची भरतीच थांबवली होती. काही महिन्यांनी माफी आणि भरपाईनंतर ते मिटलं.

त्याच तैवाननं १ नोव्हेंबर २०१७ पासून फिलिपिनो पर्यटकांना १४ दिवस व्हिसाशिवाय येऊ दिलं. कारण प्रेम नव्हतं, गरज होती. चीनवरचं अवलंबन कमी करून दक्षिणेकडच्या देशांशी व्यापार, पर्यटन, शिक्षण वाढवायचं, असं धोरण तिथल्या सरकारनं २०१६ पासून आखलं होतं. सूट ‘प्रायोगिक’ म्हणून दिली आणि तेव्हापासून प्रयोग दरवर्षी ३१ जुलैच्या आधी वाढवून दिला जातो. २०२५ मधल्या मुदतवाढीनं ती ३१ जुलै २०२६ पर्यंत गेली. म्हणून ऑगस्टची तैवान सहल आखणारा फिलिपिनो मे-जूनमध्ये बातम्यांवर डोळा ठेवून असतो.

आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. देशही शक्य तोवर करत नाहीत, फक्त वेळ लावतात. फिलिपीन्सनं ही वाटी जवळजवळ आठ वर्षांनी भरून पाठवली: १ जुलै २०२५ पासून तैवानी पर्यटकांना १४ दिवस व्हिसामाफी. देवाणघेवाण हा व्हिसाच्या व्यवहाराचा पहिला नियम आहे. दुसरा नियम पैशाचा, म्हणजे पर्यटक किती खर्च करतील याचा. तिसरा भरवशाचा: आलेला माणूस मुदत संपल्यावर परत जातो की मागे राहून काम धरतो. अमेरिका, ब्रिटन, युरोपातला शेंगेन प्रदेश (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट), जपान हे फिलिपिनो पर्यटकाला अजून व्हिसा मागतात, त्याच्या मुळाशी हा तिसरा नियम आहे. त्यात एखाद्या साध्या शाळामास्तरचा हिशेब त्यानं स्वतः कधी न केलेल्या, त्याच्या देशातल्या इतरांच्या चुकांवरून होतो. ते अन्यायाचं आहे, पण पद्धत तीच आहे आणि भारतीय अर्जदाराला ती नवी नाही.

लांबची दारं

इस्रायलच्या व्हिसामाफीमागे इतिहास आहे. १९३७ ते १९४१ या काळात, बहुतेक देश यहुदी निर्वासितांना दारं लावत होते तेव्हा, अध्यक्ष मान्युएल केसोन यांच्या फिलिपीन्सनं बाराशेच्या वर यहुद्यांना आसरा दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाच्या बाजूनं मत देणारा आशियातला एकमेव देश फिलिपीन्स होता. आज हजारो फिलिपिनो इस्रायलमध्ये वृद्धांची देखभाल करतात. पर्यटकाला ९० दिवस मिळतात. युद्धाच्या काळात जावं का, हा प्रश्न वेगळा, आणि तो व्हिसा सोडवत नाही.

दक्षिण अमेरिका अनपेक्षितपणे उदार आहे. ब्राझील ९० दिवस, कोलंबिया, पेरूही व्हिसामुक्त. स्पेनची सत्ता तीनशेहून जास्त वर्षं भोगलेल्या देशाला तिथं आडनावं, सणवार, चर्चचे घुमट ओळखीचे वाटतात. अडचण एवढीच की मनिलाहून पेरूच्या राजधानीला, लिमाला, सरळ विमान नाही. वाटेत अमेरिकेत विमान बदलायचं तर अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पाय ठेवायचा नसला तरी. व्हिसामुक्त देशाला जाण्यासाठी जगातला सर्वांत कटकटीचा व्हिसा! म्हणून लोक आखाती देशांवरून किंवा युरोपच्या एखाद्या विमानतळावरून वळसा घालतात, तेही तिथले ट्रान्झिटचे नियम पाहून. आफ्रिकेत मोरोक्को ९० दिवस देतो.

मग आहे उसनवारीचा रस्ता. एका बड्या देशाचा व्हिसा पासपोर्टवर असला की तिसराच देश म्हणतो, ‘त्यांनी तपासलंय ना, मग या.’ मेक्सिको अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असलेल्या फिलिपिनोला वेगळा व्हिसा मागत नाही. जॉर्जिया असे व्हिसे तर मानतोच, शिवाय आखातातला निवास परवानाही मानतो, त्यामुळे दुबईत नोकरी करणाऱ्या फिलिपिनोला जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी सुटीपुरती जवळ येते. कॅनडानं ६ जून २०२३ ला १३ देशांच्या यादीत फिलिपीन्सला घेतलं: गेल्या दहा वर्षांत कधी कॅनडाचा व्हिसा मिळाला असेल किंवा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आता वैध असेल, तर विमानानं येताना सात कॅनेडियन डॉलरची ईटीए पुरते. जमिनीवरून सीमा ओलांडायची तर मात्र पुन्हा पूर्ण व्हिसा. ज्याच्याकडे एक आहे त्याला आणखी चार मिळतात, ही जुनी रीत इथंही चालते.

आता घरची वेस

परत त्या इयरबुकवाल्या खिडकीशी. फिलिपीन्समध्ये या प्रकाराला ‘ऑफलोड’ होणं म्हणतात. शब्द मालाचा, वापरतात माणसाला.

हे का होतं? देशाबाहेर कामाला असलेल्या फिलिपिनोंची संख्या २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे २१ लाख ६० हजार होती आणि त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया. कामासाठी जाणाऱ्याला सरकारी नोंद आणि त्याचा दाखला लागतो. तो चुकवायचा सोपा मार्ग म्हणजे पर्यटक बनून व्हिसामुक्त देशात जायचं आणि तिथून पुढं. दलाल नेमकं हेच करतात. सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगचं तिकीट हातात देतात, आणि पुढं म्यानमार-कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत माणूस कोंडला जातो. भारतीय तरुणही याच मार्गानं तिथं अडकले आहेत. म्हणजे व्हिसाची सूट हीच तस्करीची फट बनते, आणि ती बुजवायची कामगिरी स्वदेशाच्या इमिग्रेशनवर येते. त्यासाठी २००३ चा मानवी तस्करीविरोधी कायदा आहे, २०१३ आणि २०२२ साली तो आणखी कडक झाला.

हेतू चांगला, पण आकडे बघा. २०२२ मध्ये ३२,४०४ फिलिपिनो प्रवाशांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही. त्यातले तस्करीचे किंवा बेकायदा भरतीचे बळी म्हणून निश्चित झाले ४७२. शंभरात दीडही नाही. १९८७ च्या राज्यघटनेत प्रवासाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता किंवा आरोग्य या कारणांनी आणि कायद्यानंच तो रोखता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं नवे, आणखी सविस्तर नियम काढले, कागदांची यादी वाढवली, त्यावर इतका गदारोळ झाला की लागू व्हायच्या आधीच ते स्थगित करावे लागले.

आपल्याकडच्या जुन्या ‘ईसीआर’ (म्हणजे ‘देश सोडण्याआधी तपासणी हवी’ असा शिक्का असलेल्या) पासपोर्टची आठवण होते ना? दहावी न झालेल्या कामगाराला ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते, १९८३ च्या कायद्यानं. काळजी तीच आहे, भार तोच आहे: ज्याच्याकडे कमी, त्याला प्रश्न जास्त. मनिलात रांगेतला मध्यमवयीन कंपनी मॅनेजर एका मिनिटात सुटतो. पंचविशीची, एकटी, पहिल्यांदाच परदेशी निघालेली, तिकीट ‘मित्रानं’ काढून दिलेली मुलगी बाजूच्या टेबलावर जाते.

म्हणून अनुभवी फिलिपिनो प्रवासी पातळ फोल्डर बरोबर ठेवतो. सहा महिन्यांहून जास्त मुदत असलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण त्यात असतंच. शिवाय नोकरीचं ओळखपत्र आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र, धंदा असेल तर त्याची नोंदणी. खर्च दुसरा कुणी करत असेल तर त्याचं शपथपत्र, आणि तो परदेशी राहत असेल तर तिथल्या फिलिपीन्स वकिलातीतून साक्षांकित केलेलं. पालकांशिवाय निघालेल्या अल्पवयीन मुलाला समाजकल्याण खात्याची परवानगी. निघायच्या आधी ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ नोंद, ती फुकट. आणि साध्या वर्गाच्या प्रवाशाला १,६२० पेसोचा प्रवास कर, जो १९७७ च्या हुकमानं आला आणि अजून गेलेला नाही. परदेशी कामगारांना तो माफ आहे. यापेक्षा महत्त्वाचं, बोलणं आणि कागद जुळले पाहिजेत. ‘फिरायला’ म्हणणाऱ्याच्या बॅगेत बायोडाटाच्या दहा प्रती सापडल्या, तर पुढचं सांगायला नको.

या दोन वेशींच्या आधी एक तिसरी असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: विमान कंपनीचा काउंटर. चुकीचा प्रवासी नेला तर परत आणायचा खर्च आणि दंड कंपनीवर, म्हणून तिथली मुलगी संगणकावर ‘टिमॅटिक’ नावाची नियमांची यादी उघडून बघते. त्या यादीत जे असेल ते अंतिम. पर्यटन मंडळाचं पान छापून नेलेलं दाखवून तिथं उपयोग होत नाही.

आणि आपण

मर्चंट नेव्हीत माणूस असलेल्या मराठी घरांत फिलिपिनो हे नाव नवं नाही. जगातल्या जहाजांवर ते सगळीकडे असतात. (खलाशी म्हणून जाणं हा पर्यटनाचा भाग नव्हे, त्याचे कागद वेगळे, वर लिहिलेल्या सवलती त्याला लागू नाहीत.) अलीकडे महाराष्ट्रातली बरीच मुलं डॉक्टर व्हायला मनिला, सेबू, दावाओला जातात. फिलिपीन्सनं ८ जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसामाफी दिली. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असेल तर ३० दिवस. उसनवारीचा रस्ता इथंही आहे. लेकराला सोडायला जाणाऱ्या आईबाबांना याचा उपयोग, पण लेकराला नाही. ही सूट वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. विद्यार्थ्याला आधीपासून विद्यार्थी व्हिसाच हवा. ‘आधी फिरायला म्हणून जा, तिथं गेल्यावर बघू’ असं सांगणारा एजंट भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

भारतानं परतफेड अर्धीच केली. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपीन्सचे अध्यक्ष मार्कोस दिल्लीला आले तेव्हा फिलिपिनो पर्यटकांना ई-व्हिसा एका वर्षासाठी विनाशुल्क केला. पैसे नाहीत, पण फॉर्म आहे, फोटो आहे, वाट बघणं आहे. वर सांगितलेल्या चार प्रकारांतला तिसरा. १ ऑक्टोबर २०२५ पासून दिल्ली-मनिला थेट विमानही सुरू झालं. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या त्या देशातल्या भाविकाला भारतात सर्वांत आधी कुठं जावंसं वाटेल, याचा अंदाज गोव्याच्या लोकांना सहज यावा. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दहा वर्षांनी होणारं प्रदर्शन ५ जानेवारी २०२५ ला संपलं, म्हणजे व्हिसा फुकट झाला त्याच्या सात महिने आधी. पुढचं २०३४ साली.